दवाखान्याच्या पगारपत्रकात कोण आहे?

सन २०२० च्या रमजानमध्ये, टाळेबंदीच्या त्या दिवसांत, इचलकरंजीच्या मुस्लिम बांधवांनी जकातीचे ३६ लाख रुपये गोळा केले आणि तेथील इंदिरा गांधी रुग्णालयाला, म्हणजे सर्वजण ज्याला आयजीएम म्हणतात त्या इस्पितळाला, दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. ईदच्या दिवशी त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबईहून त्याचे उद्घाटन केले. मागांचा खडखडाट बंद, बाजार बंद, लग्नसराई बुडालेली, अशा काळात व्यापाऱ्यांनी आणि मागवाल्यांनी एवढी रक्कम काढली. आम्ही कापडाच्या धंद्यात असल्याने तेथील अनेक पेढ्यांशी आमचा जुना व्यवहार आहे. त्या ईदला नवे कपडे कोणी घेतले नाहीत, पण ही बातमी ऐकून छाती भरून आली, हे खरे.

परंतु व्यापाऱ्याची बोटे हिशेबावाचून स्वस्थ बसत नाहीत. दहा खाटा म्हटल्या की आम्ही मनात मांडणी केली. अत्यवस्थ रुग्णांच्या दोन खाटांमागे एक सिस्टर धरली, तर एका पाळीला पाच सिस्टर लागतात. तीन पाळ्यांना पंधरा. सुट्ट्या आणि आजारपणे सोडून देऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने एक समिती नेमली होती. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगारावर तिने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही दरमहा २० हजारांपेक्षा कमी देऊ नये. पंधरा सिस्टर, २० हजार, बारा महिने. गुणाकार करून पाहा. बरोबर ३६ लाख येतात. म्हणजे जेवढ्यात खाटा आल्या, तेवढीच रक्कम त्या खाटांशेजारी उभे राहणाऱ्या माणसांना दरवर्षी लागते. आयजीएम शासकीय असल्याने तेथे पगाराची चिंता देणगीदारांना नव्हती. आपल्या ट्रस्टच्या, जमातीच्या, बैतुलमालच्या दवाखान्यांत मात्र ही चिंता कोणाची?

आजवरचा आमचा अनुभव असा की खाट, यंत्र, रुग्णवाहिका, इमारत यांसाठी पैसा मागितला तर आपला व्यापारी बांधव हात आखडता घेत नाही. पगारासाठी मागितला की मात्र तो विचारतो, ‘आमच्या पैशातला किती पगारातच जातो?’ जणू पगार म्हणजे गळती! वास्तविक दवाखान्यात पगार हेच मुख्य काम. औषध तर दुकानातही मिळते.

आम्ही हे दुसऱ्यांवर बोट ठेवण्यासाठी लिहीत नाही. एका धर्मादाय दवाखान्याच्या कमिटीवर आम्ही स्वतः काही वर्षे होतो. नाव लिहिण्याचे कारण नाही. तेथे एक मुलगी सिस्टर होती. मराठीतून शिकलेली, घरी दखनी बोलणारी. बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलत, अंगावरचे जाणे, पाळी, पोट, जे डॉक्टरसाहेबांना सांगता येत नाही ते तिला सांगत. तिने एकदा दीड हजाराची वाढ मागितली. कमिटीत चर्चा झाली. ‘ही खिदमत आहे, नोकरी नव्हे’ असे एक बुजुर्ग म्हणाले, आणि आम्ही मान डोलावली. त्याच बैठकीत दर्शनी भिंतीला फरशी आणि देणगीदारांच्या नावांचा दगड मंजूर झाला. बाहेर पडताना ती मुलगी आम्हांला म्हणाली, ‘चाचा, तुमच्या दुकानात साडीच्या काउंटरवरच्या पोरीला किती देता?’ आम्ही जे देत होतो, ते तिच्या पगारापेक्षा जास्त होते. दोन महिन्यांत ती एका खाजगी इस्पितळात गेली. तिच्या जागी एक कंपाउंडर आला. माणूस भला, पण बायकांची रांग सहा महिन्यांत निम्मी झाली. दगडावरची नावे अजून वाचता येतात.

तेव्हापासून कोणत्याही आरोग्यसंस्थेचा अहवाल हाती आला की आम्ही फोटो सोडून मागची पाने आधी उघडतो. ‘क्रेडिबिलिटी अलायन्स’ नावाची स्वयंसेवी संस्थांची एक देशपातळीवरील संघटना आहे. संस्थांनी आपला कारभार किती उघडा ठेवावा, याचे नियम तिने ठरवले आहेत. त्यांतील एक नियम व्यापाऱ्याला फार आवडेल. संस्थेने वार्षिक अहवालात पगाराचा तक्ता छापावा, म्हणजे ५ हजारांच्या आत किती माणसे, ५ ते १० हजारांत किती, १० ते २५ हजारांत किती, असे करत लाखाच्या वरपर्यंत, आणि प्रत्येक ओळीत पुरुष किती व स्त्रिया किती. शिवाय संस्थाप्रमुखाचा पगार आणि सर्वांत कमी पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगारही सांगावा.

हा तक्ता म्हणजे संस्थेचा थर्मामीटर होय. ताग्याचा पोत बोटांनी कळतो, तसा संस्थेचा पोत या दोन रकान्यांत कळतो. वरच्या ओळीत पुरुष आणि खालच्या ओळीत स्त्रिया असतील, तर संस्था कोणाच्या पायांवर चालते आणि कोणाच्या तोंडाने बोलते, हे विचारायला नको. हा काही आपल्याच मुलखाचा दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या एका अहवालाप्रमाणे जगातील आरोग्यसेवकांत ७० टक्के स्त्रिया आहेत, पण वरिष्ठ जागांवर त्या २५ टक्केच. २०२२ मध्ये याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर काढलेल्या हिशेबात आरोग्य क्षेत्रात स्त्रियांना पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्के कमी मिळते, असे दिसले.

आणखी एक गोष्ट तक्त्याबाहेर पाहावी लागते. ज्यांना ‘स्वयंसेविका’ म्हटले जाते, ज्यांना पगार नव्हे तर ‘मानधन’ मिळते, त्या या मोजणीत धरल्या आहेत काय? कारण समाजारोग्याचे निम्मे काम त्याच करतात.

याची सुरुवात आपल्याच राज्यात पाहण्यासारखी आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य अहमदनगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) जामखेडला आले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स खेड्यांत पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावची, परक्या बोलीची मुलगी खेड्यात एकटी राहू शकेना आणि गावही तिला आपले म्हणेना. मग त्यांनी गावालाच सांगितले, तुमच्यातलीच एक बाई निवडा. ज्या आल्या त्यांतील बहुतेक निरक्षर, अनेक दलित, काही टाकलेल्या. त्यांना दर आठवड्याला जामखेडला बोलावून शिकवले. निरनिराळ्या जातींच्या या बाया एकत्र जेवू, एकत्र झोपू लागल्या, हेच पहिले शिक्षण. दुष्काळात बोअर खोदायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी पाण्याच्या जागा दलित वस्तीत धरल्या. पाणी हवे असेल तर सवर्णांनी तेथे यावे. तहानेपुढे विटाळ किती टिकणार?

परिणाम काय झाला? १९७१ च्या सुमारास त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांतील १७६ वर्षाच्या आत दगावत. नव्वदीच्या दशकाअखेर हा आकडा तिसाच्या आत आला. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या आरोग्यसेविका पगारदार नोकर नाहीत. संस्थेने त्यांना शेळ्या, बांगड्या, किराणा अशा छोट्या धंद्यांसाठी मदत केली आणि त्या गावात स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या. धंदा करणारी बाई कोणाच्या दारात लाचार होऊन जात नाही, हे आम्हांला पटते. तरीही प्रश्न उरतोच. गावाचे आरोग्य सांभाळण्याची किंमत तिने आपल्या शेळ्यांतून का काढावी?

जामखेड पाहून दिल्लीकरांनाही उत्साह आला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्राने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना सुरू केली. मानधन महिना ५० रुपये. परंतु निवडले गेले बहुतांशी पुरुष, गावातल्या वजनदार मंडळींच्या ओळखीतले. बाळंतिणीच्या खोलीत जाणार कोण? योजना हळूहळू विझली. नकल करणाऱ्याने डिझाईन उचलले, पण सूत बदलले. कापडाच्या धंद्यात हे आपण रोज पाहतो.

दुसरे ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने थोडे शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत केले. नवजात बाळाचे वजन, ताप, श्वास आणि जंतुसंसर्ग घरीच ओळखून उपचार करण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांतील या प्रयोगाची तुलना बाजूच्या ४७ गावांशी केली गेली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. येथे आरोग्यदूताला कामाच्या प्रमाणात मोबदला होता. जेवढ्या भेटी, जेवढे काम, तेवढे पैसे.

हीच पद्धत पुढे सरकारने देशभर नेली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हजार वस्तीमागे एक ‘आशा’ आली. महाराष्ट्रात आज सुमारे ७० हजार आशा आहेत. त्यांतील अनेकजणी आपल्या मोहल्ल्यांत, आपल्या घरांत येतात. कागदोपत्री ती स्वयंसेविका. नवजात बाळाच्या घरभेटींचेच पाहा. दवाखान्यात बाळंतपण झाले तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी आणि त्याचे २५० रुपये. एका भेटीला ४२ रुपयेही पडत नाहीत. रिक्षाने गेली तर पदरचे घालावे लागतील.

इचलकरंजीच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मागवाल्या कामगाराची मजुरी ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे, अशीच ठरते. वीज गेली, सूत तुटले, बाजारात मंदी आली, तर मीटर पडत नाही आणि मजुरीही पडत नाही. आशाचेही तसेच. एखाद्या महिन्यात बाळंतपणे कमी झाली तर तिचे घर कशावर चालावे? मागावरच्या मजुरीसाठी निदान संप होतो, वाटाघाटी होतात, महागाईचा आकडा धरला जातो. आशांनीही शेवटी तोच मार्ग धरला. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने दरमहा ५ हजार रुपयांची वाढ मंजूर केली, ती नोव्हेंबर २०२३ पासून लागू धरून. याच आशांना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरविले होते. गौरव आधी, वाढ नंतर. गमतीची गोष्ट अशी की त्याच संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सल्ला दिला होता की समाजारोग्य सेविकांचा मोबदला केवळ किंवा मुख्यत्वे कामाच्या नगावर ठेवू नये, कामाच्या मोलाप्रमाणे ठरलेला मोबदला द्यावा.

‘मानधन’ हा शब्द आता न्यायालयातही फारसा टिकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल दिला. मानधन म्हणा की काही म्हणा, कामाबद्दल मिळते ती मजुरीच, असा त्याचा अर्थ. आपल्या ट्रस्टींनी याची नोंद घ्यावी. दवाखान्यात दहा माणसे झाली की ग्रॅच्युइटी आणि वीस झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. धर्मादाय म्हणून त्यातून सूट मिळते, या समजुतीत राहू नये. दुकानात आपण हे पाळतो, कारण तपासनीस येतो.

आता पगाराइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न. पगारपत्रकात नावे कोणाची?

हा प्रश्न विचारण्याचा मान कोल्हापूरकरांना आहे. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या करवीर दरबाराने रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना देण्याचा हुकूम काढला. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सारे त्यात येत होते, म्हणजे मुसलमानही. हा हुकूम सर्वांना माहीत आहे. त्यातली शेवटची अट मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने हुकूमानंतर झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला दरबारात पाठवावा. महाराजांना ठाऊक होते की हुकूम काढून भागत नाही, मोजावे लागते. चार वर्षांनी, १९०६ मध्ये, त्यांनी येथे मुस्लिम बोर्डिंग काढले. त्यात शिकलेली मुले नोकरीला लागली की नाही, हे त्या तिमाही तक्त्यातच कळणार होते.

शंभर वर्षांनी, नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. तेव्हा मुसलमान देशाच्या लोकसंख्येत १३.४ टक्के होते, पण राज्यांच्या आरोग्य खात्यांत त्यांचा वाटा समितीला ४.४ टक्केच आढळला. शिक्षण आणि पोलीस खात्यांपेक्षाही कमी. हा आकडा आपण सभांतून पुष्कळ ऐकवला. सरकारला जाब विचारावाच. पण तोच प्रश्न आपल्या दवाखान्यांनाही लावावा की नाही? आणि दोन्ही बाजूंनी लावावा.

जी मोठी आरोग्यसंस्था मुस्लिम वस्तीत काम करते आणि जिच्या फोटोंत बुरख्यातल्या बाया दिसतात, तिच्या कर्मचाऱ्यांत त्या वस्तीतल्या किती आहेत? त्यांतील किती नुसत्या घरोघर फिरतात आणि किती टेबलामागे बसून निर्णय घेतात? मुंबईत १९९९ पासून ‘स्नेहा’सारख्या संस्था धारावीच्या वस्त्यांत माता-बालकांसाठी काम करीत आहेत. तेथे उंबरठा ओलांडण्यासाठी गल्लीतलीच बाई लागते. आमचा अनुभव त्याहून लहान जागेतला, पण तोच. आमच्या दवाखान्यातली ती मुलगी गेल्यावर डॉक्टर तेच होते, औषधे तीच होती, तरी रांग मोडली.

आणि आपल्या संस्थांत? ट्रस्टी सारे पुरुष, बहुधा दोन-तीन घराण्यांतले. डॉक्टर मानद, आठवड्यातून तीनदा येणारे, अनेकदा हिंदू किंवा जैन बांधव, आणि त्यांचे उपकार आपण मानतो. झाडलोटीला बाजूच्या वस्तीतली दलित मावशी, तिला सर्वांत कमी. म्हणजे आपल्याकडे विविधता आहे, पण ती जिन्याच्या पायऱ्यांसारखी, एकावर एक. बायकांच्या दवाखान्याच्या कमिटीवर बाई नाही, हे आम्हांला इतकी वर्षे खटकले नाही, याचे आता नवल वाटते. वरोऱ्याला बाबा आमट्यांच्या आनंदवनात कुष्ठरोगातून उठलेली माणसेच माग चालवतात, शेती करतात, संस्था चालवतात. तेथे विणलेल्या सतरंज्या आम्ही हाताळल्या आहेत. माल चोख असतो. रुग्ण आणि चालक यांच्यामध्ये भिंत नसली तर काम बिघडते, असे कोणी म्हणू नये.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो शरीअतचाही आहे. कुरआनने सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले. त्यांत जकात गोळा करून वाटण्याचे काम करणारेही आहेत. म्हणजे दीनच्या कामात राबणाऱ्याचा मोबदला हा काही शरमेचा विषय नाही. परंतु दवाखान्याची सिस्टर या सदरात बसत नाही. हनफी मतानुसार जकातीची रक्कम गरजूच्या मालकीची व्हावी लागते, त्यामुळे थेट पगार किंवा इमारत यांना ती लावण्यावर आलिमांचा आक्षेप असतो. आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच पाऊल उचलावे. अनेक ठिकाणी जी वाट काढली जाते ती अशी: दवाखान्याने प्रत्येक सेवेचा वाजवी दर ठरवावा, ज्यात सिस्टरचा खरा पगार निघेल. गरीब रुग्णाला जकात फंडातून रक्कम मिळावी आणि त्याने त्यातून दवाखान्याचे बिल भरावे. उरलेली तूट लिल्लाह आणि सदक्याच्या पैशातून भरावी. यात एक फायदा असा की फुकटच्या नावाखाली पगार दाबला जात नाही. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही नबी करीम (स.) यांची ताकीद आपण दुकानात चौकटीला लावतो. ती दवाखान्याच्या भिंतीवरही लागू आहे.

या वर्षी देणगी देताना आम्ही एक पान सोबत जोडले आहे. आमच्या दिवाणजींनी रेघा मारून दिल्या. रकाने असे: हुद्दा, दरमहा पगार, स्त्री की पुरुष, कोणत्या मोहल्ल्यातून किंवा वस्तीतून, किती वर्षे कामावर, निधी व ग्रॅच्युइटी आहे की नाही. शेवटी एक ओळ, सोडून गेलेल्यांची आणि का गेले त्याची. नावे नकोत, आकडे पुरे. दर तिमाहीला भरावे. ज्या तीन संस्थांना आम्ही देतो, त्यांतील एकीने आठ दिवसांत भरून पाठवले. तिचे पगार फार चांगले नाहीत, पण लपवलेले नाहीत. यंदा तिची रक्कम वाढवली. दुसरीने ‘अशी माहिती देण्याची पद्धत नाही’ असे कळवले.

तिसरी ती, जिच्या कमिटीवर आम्ही होतो. सदरसाहेबांनी कागद दोनदा वाचला, घडी करून शेरवानीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘रमजाननंतर बघू.’ सिस्टरची जागा अजून रिकामी आहे. पगार किती देणार, ते जाहिरातीत छापा, एवढे सांगून आम्ही उठलो.